बिनतारी माऊस बंद पडतो तेव्हा

पावसाळ्याच्या तोंडावर खेड्यापाड्यांतील आपले सरकार सेवा केंद्रांवर गर्दी वाढते. कोणाला पीककर्जासाठी सातबाराचा उतारा हवा असतो, कोणाला उत्पन्नाचा दाखला. कोणाच्या मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश जातीच्या प्रमाणपत्रावाचून अडलेला असतो. वर्धा जिल्ह्यात याच दिवसांत कपाशी, तूर आणि सोयाबीनची पेरणी चाललेली असते. शेतातील काम टाकून, एका दिवसाची मजुरी बुडवून माणूस केंद्रावर येतो, रांगेत उभा राहतो. आणि नेमका त्याचा क्रमांक लागतो त्या वेळी केंद्रचालकाच्या हातातील बिनतारी माऊस निर्जीव होतो. पडद्यावरील बाण जागचा हलत नाही. दोन-चार वेळा माऊस टेबलावर आपटून पाहिला जातो, 'मशीन बंद आहे, उद्या या' असे सांगितले जाते आणि रांग पांगते.

वास्तविक मशीन बंद नसते. संगणक चालू असतो, वीज असते, इंटरनेटही असते. बंद पडलेली असते ती मुठीत मावणारी एक लहानशी वस्तू, आणि तीही बहुधा बिघडलेली नसते. तिच्यापर्यंत वीज पोहोचत नाही, एवढेच झालेले असते.

ही बाब किरकोळ वाटली तरी तिचे परिणाम किरकोळ नाहीत. २०११ साली राज्यात 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात संगणक आला. पुढे त्याचे काम आपले सरकार सेवा केंद्रांकडे आले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना प्राप्त झाला. परंतु ही मुदत मोजली जाते ती अर्ज रीतसर दाखल झाल्यापासून. अर्ज दाखलच झाला नाही तर मुदतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पंचवीस-तीस रुपयांच्या सेलपायी परत गेलेल्या माणसाच्या हाती पावतीही नसते आणि तक्रारीला जागाही नसते. म्हणून केंद्रचालक, ग्रामपंचायतीतील कर्मचारी आणि शाळांच्या संगणक कक्षाची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक या सर्वांना या छोट्या यंत्राची रचना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शेपूट गळून पडले

माऊसचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. डग्लस एंगेलबार्ट या शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना तयार केला. तो लाकडी खोक्याचा होता. खाली काटकोनात बसविलेली धातूची दोन चाके आणि वर एकच बटण. खोक्यातून निघालेली तार शेपटासारखी दिसे, म्हणून त्याला उंदराचे नाव पडले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी जाणकारांसमोर त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले.

ते शेपूट म्हणजे केवळ सोय नव्हती. तारेतून दोन कामे होत असत. संगणकाकडून माऊसला वीज मिळे, आणि हाताची हालचाल झाली की तिचा निरोप माऊसकडून संगणकाला जाई. बिनतारी माऊसमध्ये तार गेली. कामे मात्र दोन्ही राहिली. वीज देण्याचे काम माऊसच्या पोटातील सेलकडे आले. निरोप नेण्याचे काम रेडिओ लहरींकडे आले आणि त्या लहरी झेलण्यासाठी नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या यूएसबी खाचेत बसू लागला.

बिनतारी माऊसच्या बहुतेक तक्रारींचे निदान या एका गोष्टीवर अवलंबून आहे. माऊस चालत नाही म्हणजे एक तर त्याला वीज मिळत नाही, नाही तर त्याचा निरोप पोहोचत नाही. ही दोन दुखणी निराळी असून त्यांचे उपायही निराळे आहेत. रिसीव्हर निघून पडलेला असताना सेल बदलीत बसणे, किंवा सेल संपलेला असताना संगणक चार वेळा बंद-चालू करणे, यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

प्रथम एक साधी खातरजमा करावी. कळफलकावरील नमलॉक हे बटण दाबले असता त्याचा लहान दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की विझतो. हा दिवा दाद देत नसेल तर बहुधा संगणकच अडकून बसला आहे; माऊस बिचारा निर्दोष आहे. दिवा लागत-विझत असेल तर मात्र माऊस हातात घेऊन उलटा करावा.

दिव्याची साक्ष

माऊसच्या पोटाशी एक लहानसा खटका असतो. पिशवीतून ने-आण करताना, किंवा साफसफाई करताना, तो नकळत सरकतो. बंद माऊसच्या तक्रारींपैकी काहींचा निकाल येथेच लागतो, ही गोष्ट ऐकावयास जरा ओशाळवाणी असली तरी खरी आहे. खटका बंद करून, दहा सेकंद थांबून, पुन्हा चालू करावा. त्यानंतर एखादे बटण दाबावे. कारण वीज वाचविण्यासाठी हे यंत्र काही वेळ हात न लागल्यास झोपी जाते आणि पुष्कळदा नुसते हलविल्याने जागे होत नाही.

खालच्या भिंगातून तांबडा प्रकाश दिसला तर वीज पोहोचत आहे असे समजावे. मात्र प्रकाश दिसला नाही म्हणून माऊस मृत ठरवू नये. पुष्कळ माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरलेले असतात. अशा वेळी भ्रमणध्वनीचा कॅमेरा भिंगासमोर धरून पाहावा. बऱ्याच कॅमेऱ्यांना हे किरण फिकट जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. काही माऊसवर वरच्या बाजूसही एक टिपका दिवा असतो. तो खटका चालू करताच क्षणभर उजळतो, आणि सेल क्षीण झाल्यावर तांबडा लुकलुकतो. हा इशारा आठवडाभर आधीपासून मिळत असतो. त्याकडे लक्ष दिले जात नाही, एवढेच.

नवा कोरा माऊस खोक्यातून काढल्यावर सुरूच झाला नाही, तर दुकानदाराला दोष देण्यापूर्वी सेलचे झाकण उघडून पाहावे. वाहतुकीत सेल खर्ची पडू नये म्हणून सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची फीत घातलेली असते. ती ओढून काढली नाही तर वर्षभर वाट पाहिली तरी माऊस जागा होणार नाही. याच कप्प्यात कधी कधी रिसीव्हरही दडवून ठेवलेला असतो.

पेन्सिल सेलची कुंडली

सर्वसाधारण बिनतारी माऊसला एक किंवा दोन पेन्सिल सेल लागतात. काहींना त्याहून बारीक आकाराचे. सेल बसविताना कप्प्यात कोरलेल्या अधिक-उणे खुणा पाहाव्यात. स्प्रिंगकडे उणे टोक येते असा सर्वसाधारण प्रघात असला तरी तो नियम नव्हे, खुणेवरच विसंबावे. काही माऊसमध्ये उलटा सेल बसल्यास वीज जाऊ नये म्हणून अधिक टोकाच्या पट्टीभोवती प्लास्टिकचा उंचवटा ठेवलेला असतो. ज्या सेलची अधिक टोकाची बोंडी बसकी असते ती या उंचवट्यामुळे पट्टीला टेकतच नाही. सेल नवा, खुणा बरोबर, आणि तरी माऊस बंद, असे दिसल्यास निराळ्या बनावटीचा सेल घालून पाहावा. स्प्रिंग दबून बसली असेल तर ती हलक्या हाताने किंचित वर उचलावी.

सेल चांगला आहे की नाही हे ओळखण्याच्या गावोगाव काही रीती आहेत, आणि त्यांतील सगळ्याच भरवशाच्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहणे ही त्यांतील सर्वांत प्रचलित रीत. घड्याळ चालले, म्हणजे सेल चांगला, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु भिंतीवरच्या घड्याळाला फारच थोडी वीज लागते. माऊसला रेडिओ लहरी सोडताना आणि प्रकाश पाडताना क्षणाक्षणाला त्याहून पुष्कळ जास्त लागते. घड्याळाला पुरणारा सेल माऊसला पुरेलच असे नाही. याची उलट बाजू मात्र फायद्याची आहे. माऊसने नाकारलेला सेल टाकून न देता घड्याळात घातला तर तो आणखी काही महिने काम देऊ शकतो. मात्र असा उतरता सेल गळण्याचा संभव अधिक असल्याने घड्याळ मंदावताच तो काढावा.

दुसरी रीत टेबलावर सेल उभा सोडून तो उडतो का हे पाहण्याची. अल्कलाइन सेल दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून उभा सोडला असता नवा असल्यास धपकन बसतो आणि वापरलेला असल्यास उसळी घेतो. आतील जस्ताच्या लगद्याचे वापराबरोबर जस्ताच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होत जाते, त्यामुळे हा फरक पडतो. २०१५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी याची तपासणी केली तेव्हा असे आढळले की, सेल निम्मा उरलेला असतानाच उसळी जवळपास पूर्ण होते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढेच कळते; तो संपला आहे असे नव्हे.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. हे उपकरण शोधण्यासाठी तालुक्याला जाण्याची गरज नाही. विहिरीवरील विद्युत पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या पिशवीत ते असतेच. नव्या अल्कलाइन सेलचा विद्युतदाब १.५ व्होल्ट किंवा किंचित अधिक भरतो. १.२ व्होल्टच्या खाली उतरलेला साधा सेल माऊसच्या दृष्टीने संपत आलेला समजावा. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे असा सेल घातल्यावर काही माऊस उगाच सेल संपत आल्याचा इशारा देतात. बहुतेक माऊस त्यावर उत्तम चालतात.

पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात मिळतात. ते दिसण्यात सारखे असले तरी त्यांचा दाब दुपटीहून अधिक आहे. हा सेल साध्या माऊसमध्ये घातला तर आतील सर्किट जळण्याचा धोका आहे. आणि हे नुकसान मात्र भरून येत नाही. खरेदी करताना सेलवरील आकडा वाचावा. त्याचप्रमाणे साधा सेल चार्जरमध्ये घालू नये, आणि दोन सेलच्या माऊसमध्ये एक जुना व एक नवा अशी जोडी लावू नये. तशा जोडीत जुना सेल लवकर रिता होऊन गळू लागतो.

मंदावलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची सवय रेडिओच्या काळापासून चालत आली आहे. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया थोडी जलद होते, म्हणून तासभर सेल चालल्यासारखा वाटतो. नवी शक्ती त्यात येत नाही. उलट आतील ओल सुकते आणि वेष्टण फाटण्याचा संभव वाढतो. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात तर हा प्रयोग मुळीच करू नये.

उन्हाळी सुटी आणि पांढरी भुकटी

वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत तर विचारावयासच नको. विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर राज्याच्या अन्य भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या अवधीत संगणक कक्षाला कुलूप असते आणि प्रत्येक माऊसच्या पोटात सेल तसेच पडून असतात. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात निम्मे माऊस 'मेलेले' आढळले तर त्याचे कारण या दोन महिन्यांत शोधावे.

अल्कलाइन सेल रिता होत जातो तसतसा त्याच्या आत हायड्रोजन वायू साठतो. उष्णतेने हा दाब वाढतो, बूड सैल होते आणि आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बाहेर झिरपते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी स्प्रिंगवर आणि पट्टीवर बसली की धातू गंजतो, विजेची वाट अडते आणि नवा कोरा सेल घातला तरी माऊस सुरू होत नाही. माऊस टाकून देण्याचा निर्णय बहुधा येथेच होतो, आणि बहुधा तो चुकीचा असतो.

ही सफाई कोणालाही करता येते. खटका बंद करून सेल काढावा. भुकटी दाहक असल्याने ती उघड्या बोटांनी खरवडू नये. प्लास्टिकची पिशवी हातावर चढविली तरी पुरे. डोळ्यांजवळ नेऊन फुंकर तर कधीच मारू नये. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून नीट पिळावा आणि भुकटीवर टेकवावा. थोडा फेस येतो. आम्ल आणि अल्कली परस्परांना निष्प्रभ करीत असल्याची ती खूण होय. फेस थांबेपर्यंत कापूस बदलून पुसावे, नंतर पाण्याने किंचित ओलावलेल्या कापसाने आम्लही पुसून घ्यावे. रस आत ओघळू देऊ नये. धातूवर काळपट थर राहिला असेल तर पेन्सिलीचा खोडरबर किंवा बारीक पॉलिश पेपर हळुवार फिरवावा. धातू चकाकू लागला की थांबावे. त्यानंतर झाकण उघडे ठेवून सावलीत निदान दोन-तीन तास वाळू द्यावे. ओल असताना सेल घातल्यास केलेले श्रम वाया जातात.

स्वस्तातील जस्त-कार्बन सेल गळला तर त्यातून निघणारा पदार्थ आम्लधर्मी असतो. तेथे लिंबू उपयोगाचे नाही. पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने तो पुसावा. सेलच्या वेष्टणावर 'अल्कलाइन' असे छापलेले आहे किंवा नाही यावरून फरक कळतो. स्प्रिंग गंजून तुटलीच असेल तर भ्रमणध्वनी दुरुस्त करणारा कारागीर जुन्या खेळण्यातील स्प्रिंग डाख देऊन बसवितो. माऊस हमीच्या मुदतीत असल्यास मात्र स्क्रू काढू नयेत; पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे.

एवढा खटाटोप पाच-सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी कशाला, असे कोणी विचारील. या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यात एक जुने उत्तर आहे. वर्धा शहरातील मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे चरख्याचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात. त्यापूर्वी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी निगा राखल्यास ते वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. सहाशे रुपयांच्या माऊसचे पाच टक्के म्हणजे तीस रुपये. एका चांगल्या सेलची किंमत साधारण तितकीच पडते. वीस वर्षांची अट मात्र आजचा कोणताही माऊस पुरी करू शकणार नाही.

सुटी लागण्यापूर्वी सर्व सेल काढून डब्यात ठेवणे, एवढी एक शिस्त पाळली तरी शाळेतील बहुतेक माऊस वाचतील.

चार्ज होणारे माऊस

अलीकडे अंगभूत लिथियम बॅटरीचे माऊस आले आहेत. त्यांना सेल घालावा लागत नाही. तारेने चार्ज करावे लागते. असा माऊस बरेच दिवस पडून राहिला तर बॅटरी इतकी खोल उतरते की तार लावल्यावर काही मिनिटे दिवाही लागत नाही. तेव्हा लगेच निराश न होता अर्धा तास तसाच ठेवावा. तरीही काही न घडल्यास तार बदलून पाहावी. चार्जिंगच्या तारा आतून तुटण्याचे प्रमाण मोठे आहे. तारेचे टोक ज्या खाचेत जाते तेथे धूळ आणि कापसाचे तंतू साचतात. हिंगणघाटसारख्या जिनिंग-प्रेसिंगच्या गावात तर ते हटकून सापडतील. ते लाकडी दातकोरणीने काढावेत. टाचणी किंवा सुई वापरू नये.

लिथियम बॅटरी सामान्यतः ४५ अंशांपर्यंतच्या तापमानातच चार्ज करावी असा संकेत आहे. उन्हाळ्यात दुपारी हे तापमान खोलीतच ओलांडले जाते, म्हणून चार्जिंग सकाळच्या गारव्यात उरकावे. माऊसची पाठ फुगलेली दिसली, झाकणाची फट रुंदावली, तर बॅटरी फुगली आहे. अशा माऊसला तार लावू नये, तो दाबू नये, बॅटरीला टोचू तर मुळीच नये. ती पेट घेऊ शकते.

निरोप पोहोचत नाही तेव्हा

दिवा लागतो आहे, सेल ताजा आहे, आणि तरी बाण हलत नाही, असे असेल तर वीज नव्हे, निरोप अडला आहे. रिसीव्हर काढून दुसऱ्या खाचेत बसवावा आणि अर्धा मिनिट थांबावे. बहुतेक बिनतारी माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि वाय-फायही पुष्कळदा त्याच पट्ट्यात असते. निळ्या रंगाच्या जलद यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल तर तिच्या शेजारच्या रिसीव्हरला तिचा उपद्रव होतो. रिसीव्हर दूरच्या खाचेत, शक्यतो संगणकाच्या दर्शनी बाजूस लावावा. कळफलक आणि माऊस एकाच रिसीव्हरवर चालत असतील तर निदान सोपे आहे; कळफलक चालतो आहे त्या अर्थी रिसीव्हर ठीक आहे आणि दोष माऊसमध्येच शोधावयाचा.

शाळांच्या संगणक कक्षांत आणखी एक घोटाळा हमखास होतो. प्रत्येक माऊसची जोडी त्याच्याच रिसीव्हरशी जमलेली असते. मुलांनी माऊस इकडचे तिकडे केले की सर्व माऊस चांगले असूनही एकही आपल्या संगणकावर चालत नाही, किंवा एका बाकावरच्या मुलाने हात फिरविला की दुसऱ्या बाकावरील पडद्यावर बाण धावतो. मुलांना याची मौज वाटते, शिक्षकांना नाही. माऊस आणि त्याचा रिसीव्हर या दोघांना एकच क्रमांक चिकटवून ठेवला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

तोवर रांग थांबवू नये

सेल दुकानातून येईपर्यंत, अथवा साफ केलेली पट्टी वाळेपर्यंत, अर्ज भरण्याचे काम चालू ठेवता येते. लॅपटॉप असेल तर त्यावर स्पर्शपट्टी आहेच. पुष्कळ केंद्रांवर ती कोणी तरी कधी काळी बंद करून ठेवलेली असते आणि कळफलकाच्या वरच्या रांगेतील एका बटणाने चालू होते. टेबलावरील संगणकावर विंडोज प्रणाली असल्यास डावीकडील आल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नमलॉक ही तीन बटणे एकत्र दाबावीत. पडद्यावर प्रश्न येतो. एंटर दाबले की कळफलकाच्या उजव्या हाताचे आकडेच माऊसचे काम करू लागतात. ८ ने बाण वर जातो, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे. ५ दाबले की माऊसचे बटण दाबल्यासारखे होते आणि अधिकचे चिन्ह दाबले की दोनदा दाबल्यासारखे. बाण आरंभी संथ चालतो, पण सरावाने हात बसतो.

अर्जाच्या नमुन्यात तर बाणाचीही फारशी गरज नाही. टॅब दाबले की पुढचा रकाना येतो, शिफ्ट धरून टॅब दाबले की मागचा. चौकटीत खूण करावयाची असेल तर स्पेस, यादी उघडावयाची असेल तर आल्ट आणि खालचा बाण, छापावयाचे असेल तर कंट्रोल आणि पी. ज्याने टंकलेखन शिकले आहे त्याला ही पद्धत माऊसपेक्षा जलद वाटण्याचा संभव आहे. केंद्रावर एक जुना, तारेचा, दोनशे-अडीचशे रुपयांचा माऊस खणात ठेवणे हा याहून सोपा मार्ग. त्याला सेल लागत नाही आणि तो लावताच चालू होतो.

शेवटी राहतात संपलेले सेल. ते उकिरड्यावर टाकले जातात आणि शेणखताबरोबर शेतात पोहोचतात, किंवा कचऱ्याबरोबर पेटविले जातात. लिथियमचा सेल आगीत फुटतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात मिसळण्यास मनाई असून त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत झाकणाची एक प्लास्टिकची बरणी ठेवून तीत गावातील संपलेले सेल गोळा करावेत. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळे ठेवावेत, आणि बरणी भरली की तालुक्याच्या ठिकाणी अधिकृत ई-कचरा संकलकाकडे पोहोचती करावी. बरणी उन्हात अथवा चुलीजवळ ठेवू नये.